मस्तगडची ताडपत्री

"बोट लावू नका," प्रभावती म्हणाली. पण तोवर त्याने लावलं होतं.

जालन्यातल्या मस्तगडच्या उतारावर कचरूदादांच्या दुकानासमोर चार खांब रोवलेले होते. नवी ताडपत्री त्या खांबांना झोळीसारखी बांधायची, तिच्यात बारा घागरी पाणी ओतायचं आणि दिवसभर लटकत ठेवायचं, ही त्या दुकानाची रीत. संध्याकाळपर्यंत खाली थेंब पडला नाही, तरच ताडपत्री गिऱ्हाइकाच्या हातात जायची. पडला तर शिवण उसवून पुन्हा. त्या रविवारीही सकाळपासून खालची माती कोरडी होती. आणि आता हा कोण कुठला, पांढऱ्या शर्टातला, भादव्याच्या उन्हाला कंटाळून त्या झोळीखाली सावलीला येऊन उभा राहिला होता. वर लोंबणारं कापडाचं पोट पाहून त्याला राहवलं नव्हतं.

बोट टेकलं तिथे आधी ओला ठिपका उमटला. मग एक थेंब त्याच्या बोटावर आला, मनगटावर घरंगळला आणि बाहीत शिरला. मग दुसरा...

"गळून राह्यली की ही," तो म्हणाला.

"ती न्हाई गळत. तुमी गळवली." प्रभावती हातातलं दाभण तसंच धरून बाहेर आली. "सुती कापड हाय. पाणी पिऊन सूत फुगतं, बारीक भोकं बुजतात, पाणी वरच्या वर ऱ्हातं. खालून बोट लावलं की त्याला वाट दिसती."

"एका बोटानं?"

"एका बोटानं. आता तिथंच उभे ऱ्हा. थेंब मातीवर पडला तर दादा अख्खी ताडपत्री उसवतील."

ती थट्टेने म्हणाली होती. तो खरंच उभा राहिला — ओंजळ करून, मान वर करून, एकेक थेंब झेलत. येणारेजाणारे बघायला लागले तरी हलेना. शेवटी प्रभावतीलाच हसू आवरेना. ती झोळीखाली गेली, त्याच्या ठिपक्यावर आपलं बोट ठेवलं आणि कापडावरून तसंच ओढत ओढत कडेपर्यंत नेलं. पाण्याने तिच्या बोटाची रेघ धरली आणि ते गुमान खांबावरून खाली उतरलं.

"सोडा आता ओंजळ," ती म्हणाली.

"सोडतो." पण ओंजळ तशीच. "हे तुमाला कुणी शिकवलं?"

"आतमंदी बसलेत त्यांनी."

आत कचरूदादा बसले होते. चाळीस वर्षं त्यांच्या हातच्या ताडपत्र्यांनी मोंढ्याच्या बाजारातला कापूस झाकला होता. दोन वर्षांपूर्वी दुष्काळी कामांवर आयाबायांची लेकरं निजवायला जी पालं उभी राहिली, त्यातलीही कितीतरी त्यांच्याच दुकानातली. मात्र ती पालं दादांनी शिवलेली नव्हती. तीन वर्षांपासून दादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते मांडीवर कापड घेऊन दर्शनी बाजूला बसत आणि त्यांची लेक प्रभावती मागच्या खोलीत शिवत असे. सातवी झालेली, विशीतली पोर; तळहाताला चामड्याची पट्टी बांधून दुहेरी कापडातून दाभण आरपार काढायची. गिऱ्हाइकं म्हणायची, कचरूदादांचा हात अजून तसाच आहे. दादा काही बोलत नसत. तीही बोलत नसे. पण तिला ते ऐकू येत असे.

"जयभीम दादा," तो तरुण आत येऊन म्हणाला. "मी मच्छिंद्र. कुंभार पिंपळगावाच्या पुढं दोन कोसावर वाडी हाय, तिथं मास्तर हाय. आमच्या शाळेचे पत्रे वावटळीत गेले. नवे यायला दिवाळी उलटंल. तोवर चाळीस लेकरं झाकंल अशी एक ताडपत्री पाह्यजे."

"सध्या कुठं बसवता लेकरं?" दादांनी विचारलं.

"देवळात. म्हंजे... सव्वीस देवळात बसतात. चौदा बाहेर पायरीवर बसतात."

"अन् तुमी?"

"मी पायरीवरच उभा ऱ्हातो. तिथून दोन्हीकडं आवाज जातो."

प्रभावतीच्या हातातलं काम थांबलं.

"शाळा समितीत सर्जेराव म्हणून हायत," मच्छिंद्र पुढे म्हणाला. "माणूस वाईट न्हाई. पण म्हणतात, गुरुजी, कापडाचं छप्पर एका पावसाचं बी धनी न्हाई. फाटलं की पुन्हा देवळातच या, मंग पुन्हा विषय काढायचा न्हाई. मी कबूल करून आलो."

"फाटणार न्हाई," प्रभावती आतून म्हणाली.

"आमचा माळ उघडा हाय. वारा लई."

"एकदा सांगितलं की."

दादा कापडावरून बोटं फिरवत हसले. मच्छिंद्रही हसला, पण तिच्याकडे बघायचं सोडून जमिनीकडे बघत हसला. ते तिच्या लक्षात आलं.

निघताना त्याने खांद्यावरची थैली सावरली आणि प्रभावतीची नजर थैलीवर खिळली. हिरवं, कागदासारखं पातळ कापड. त्यात उभ्याआडव्या जाड धाग्यांचे बारीक चौकोन.

"हे कसलं कापड?"

"पॅराशूटचं. नायलॉन. भाऊ लष्करात हाय माझा, त्यानं बांगलादेशच्या लढाईनंतर आणलं. ओढून बघा... फाटत न्हाई."

तिने ओढलं नाही. सरळ कडेला कात्रीने एक चीर दिली. मच्छिंद्रने श्वास रोखला. मग तिने दोन्ही हातांनी जोर लावला. कापड करकरलं, चीर जाड धाग्यापर्यंत धावली आणि तिथेच अडली. तिने पुन्हा जोर लावला. पुढे जाईना.

"हं," ती स्वतःशीच म्हणाली. मग त्याच्याकडे वळून — "थैली ठेवून जा."

"अन् पुस्तकं?"

"हातात धरा. ओंजळ बरी होती तुमची."

पुस्तकं पोटाशी धरून तो उतारावरून बसस्टँडकडे गेला तेव्हा ती दारात उभी होती. त्याने वळून पाहिलं तेव्हा ती दारात नव्हती. दोघांच्या सांगण्यात हा एक फरक शेवटपर्यंत राहिला. तो म्हणायचा, तू उभी होतीस, मला न बघता कळलं. ती म्हणायची, मला काय दुसरी कामं नव्हती?

---

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा थैलीचे तुकडे झाले होते आणि ते दुकानात सुतळीवर ओळीने वाळत होते.

"हे एक पाण्यात ठेवलं, हे एक पत्र्यावर उन्हात," प्रभावती सांगू लागली. "पाण्यातलं जसंच्या तसं हाय. नायलॉन पाणी पीतच न्हाई. पण त्याच्याखाली बसलं की घाम फुटतो, हवा जात न्हाई. भट्टी होती. अन् ऊन त्याला मानवत न्हाई, असं मोंढ्यातले ट्रकवाले सांगतात. वर्षा-दोन वर्षांत कुरकुरीत होतं म्हणे. आपलं सुती बरं. जाड हाय, श्वास घेतं. पण त्याची एक खोड हाय. एकदा चीर पडली की वाऱ्यात चरचर फाटत जातं, थांबायचं नावच घेत न्हाई."

"मंग?"

"मंग त्याला थांबायला शिकवायचं."

तिने मागच्या खोलीत अंथरलेलं कापड दाखवलं. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. त्यावर दर दीड हातावर बोटभर रुंदीच्या सुती पट्ट्या, उभ्या आणि आडव्या, दोन्ही कडांनी शिवलेल्या. नायलॉनमधला नखाएवढा चौकोन तिने ताडपत्रीवर पाटाएवढा केला होता.

"चाळीस वर्षांत असं कुणी केलं न्हाई," दादा आपल्या जागेवरून म्हणाले. "जितकी शिवण तितकी भोकं. अन् जितकी भोकं..."

"दोऱ्याला मेण, दादा. अन् शिवणीवर वरून पुन्हा मेण. भोक ऱ्हाईलच कसं?"

"हात दुखंल तुहा."

"दोन हात जादा आलेत की," ती म्हणाली आणि मेणाचा गोळा मच्छिंद्रच्या पुढ्यात सरकवला.

तो दिवसभर शिवणीवर मेण घासत बसला. ती एका टोकाला शिवायची, तो दुसऱ्या टोकाकडून मेण घासत यायचा. मध्ये पंधरा फूट कापड. दुपारी बारा फूट राहिलं. तीन वाजता पाच. तिची आई उषाबाई दोनदा चहा ठेवून गेली आणि दोन्ही वेळा काहीतरी विसरल्यासारखं करून परत डोकावली.

"वर्गात बी इतकेच गप असता का?" प्रभावतीने विचारलं.

"वर्गात मला समदं येत असतं," तो म्हणाला. "इथं काईच येत न्हाई."

तिने दाभण ओढलं. दोरा जरा जास्तच ताणला गेला.

तिसऱ्या रविवारी ताडपत्रीच्या कडा बांधायचं काम राहिलं होतं. कडेच्या दुमडीत दोर घालायचा, त्यावरून शिवायचं, मग पितळी कड्या ठोकायच्या. या दोराचा एक नियम होता आणि तो त्या घरात रांगत्या मुलालाही ठाऊक असावा असा होता. नवा दोर पाण्यात पडला की आखडतो. म्हणून तो आधी रात्रभर भिजवायचा, ताणून वाळवायचा, आखडून आखडून त्याची हौस फिटली की मगच ताडपत्रीत घालायचा. प्रभावतीने शुक्रवारीच दोर भिजवून खुंटीला लावला होता. खाली टोपलीत दुसरा, कोरा दोर होता.

मच्छिंद्र सांगत होता, वाडीतल्या पोरांनी छपरासाठी मेढी रोवल्यात. पायरीवरच्या चौदांनी आधी, मग आतल्यांनीही येऊन. सांगता सांगता तो हसला आणि त्याच्या मेण लागलेल्या बोटाने कपाळावर रेघ उमटली. ती रेघ तिला दिसत होती. त्याला सांगावं की नाही, याचा विचार करता करता तिने हात मागे नेला आणि दोर ओढला.

"दोर भिजवलेला घेतला का गं प्रभे?" दादांनी बाहेरून विचारलं.

"व्हय दादा," ती म्हणाली. आणि तिला तसंच वाटत होतं.

पाण्याच्या परीक्षेला वेळ उरला नव्हता. चारची बस गाठायची होती. मच्छिंद्रने घडी खांद्यावर घेतली. कपाळावरच्या रेघेचं तिने काही सांगितलं नाही. रेघ तशीच वाडीला गेली.

---

बुधवारी दुपारी जालन्यात पाऊस झाला. फार नाही, पण वाऱ्याचा. प्रभावती पन्हळीखाली घागर लावून आत आली आणि ओले हात पुसायला खुंटीकडे गेली. खुंटीवर दोर होता. भिजवून वाळवलेला, ताणलेला, तिचा दोर.

तिने तो खुंटीवरून काढून घेतला. मग बाहेर येऊन दादांच्या समोर बसली.

"दादा, मी कोरा दोर घातला."

दादांचे हात कापडावर थांबले. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"पाऊस तिकडं बी झाला असंल," ते म्हणाले. "कडा चुण्या होऊन आखडतील. कड्या उपटतील. मधल्या कापडावर ताण येईल."

"सर्जेरावांनी लेकरं देवळात नेली असतील."

"सव्वीस नेली असतील," दादा म्हणाले. मग कापड बाजूला सारत म्हणाले, "सकाळची पहिली बस हाय. दाभण, मेण, दोर घे. मी येतो संगं. चूक तुही हाय, पण नाव माझं हाय."

कुंभार पिंपळगावला उतरून दोन कोस चिखल तुडवत बापलेक वाडीवर पोचले, तेव्हा माळावर सगळं गाव गोळा झालेलं होतं. ताडपत्रीच्या कडा वेणीसारख्या चुरमडल्या होत्या. चार कड्या उपटून आल्या होत्या आणि एका कोपऱ्यात, जिथे बाभळीची फांदी येऊन आदळली होती, तिथे कापड फाटलं होतं. मेढीपाशी मच्छिंद्र उभा होता. त्याच्या समोर पांढऱ्या फेट्यातले, साठीचे सर्जेराव.

"मी दोऱ्या लई आवळून बांधल्या, पाटील," मच्छिंद्र सांगत होता. "पावसात ढिल्या करायच्या असतात. मला म्हाईत नव्हतं. चूक माझी झाली. माल बराबर हाय."

प्रभावतीने ते ऐकलं. पदर खोचला आणि ती लोकांमधून पुढे गेली.

"गुरुजी खोटं बोलून राह्यलेत," ती म्हणाली.

मच्छिंद्र वळला. त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग उतरला.

"दोऱ्या त्यांनी नीट बांधल्यात. कडेचा दोर न भिजवता घातला, म्हणून तो आखडला. दोर मी घातला. ताडपत्री मी शिवली. चूक माझी हाय, ती दुसऱ्या कुणाला मी घेऊ देणार न्हाई."

"तू शिवली?" सर्जेरावांनी तिला खालीवर न्याहाळलं. "आमाला तर मस्तगडच्या कचरूच्या हातची म्हणून सांगितल्ती."

दादा हाताने चाचपत फाटलेल्या कोपऱ्यापाशी गेले. फाटीच्या तोंडावर त्यांनी बोट ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं. एक वीत. दीड वीत. सगळं गाव त्या बोटाकडे पाहत होतं. बोट सुती पट्टीपाशी आलं आणि थांबलं. दादांनी पट्टी दोन्हीकडून चाचपली, तिच्यापलीकडचं कापड तळहाताने दाबून पाहिलं. अखंड होतं. दुसऱ्या दिशेला गेले. तिथेही फाट पट्टीला येऊन निमूट संपली होती.

"पाटील," दादा म्हणाले, "माझ्या हातची ताडपत्री असती तर कालच्या वाऱ्यात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली असती. दोन फडकी झाली असती तुमच्या माळावर. मला हे जमलं न्हाई कधी. तीन वर्षं झाली, मला दिसत न्हाई. तीन वर्षांत माझ्या दुकानातून जे गेलं, ते समदं हिच्या हातचं हाय. तुमच्या कापसावरची ताडपत्री आमच्याकडून कधी घेतल्ती?"

सर्जेरावांनी जरा आठवून पाहिलं. "औंदाच्या साली."

"गळली का?"

"न्हाई."

"मंग ती हिची हाय."

प्रभावतीला वर बघवेना. तिने सरळ ताडपत्री खाली उतरवायला घेतली. दुपारपर्यंत कोरा दोर उसवून भिजवलेला घातला, कड्या पुन्हा ठोकल्या, फाटीवर आतून आणि बाहेरून ठिगळ दिलं. मुलं कोंडाळं करून बसली होती. मच्छिंद्र मेण घासत होता. दोघांमधलं कापड आज पंधरा फूट नव्हतं, चारच बोटं होतं.

छप्पर चढलं आणि तासाभरात पाऊस आला. पोरं आत धावली. सगळी चाळीस. कोण कुठे बसलं हे बघायला कोणाला सवड मिळाली नाही. पाऊस ताडपत्रीवर ताडताड वाजत होता, आत एक थेंब नव्हता, आणि सर्जेराव बाहेर फेट्यावर पाऊस घेत उभे होते. मग तेही वाकून आत आले आणि मुलांच्या मागे, जिथे जागा होती तिथे, मांडी घालून बसले.

"बोट कुणी लावायचं न्हाई बरं का," मच्छिंद्र वर्गाला सांगू लागला. "खालून बोट लावलं की काय होतं..." आणि दाखवण्याच्या भरात त्याने बोट वर नेलं.

थेंब प्रभावतीच्या नाकावर पडला. चाळीस पोरं हसली. सर्जेराव हसले. गुरुजींचे कान तांबडे झाले. ती काही न बोलता उठली, ठिपक्यावर बोट ठेवलं आणि रेघ ओढत कडेपर्यंत गेली.

---

परतीला सर्जेरावांनी बैलगाडी दिली. पाऊस उघडला होता. कुंभार पिंपळगावच्या थांब्यावर बस उभीच होती. दादांना खिडकीपाशी बसवून प्रभावती दारात आली. खाली मच्छिंद्र.

"तुमी खोटं का बोलले?" तिने विचारलं.

"तुमच्यावर येऊ नये म्हणून."

"माझ्यावर यायला पाह्यजेच होतं. चांगलं झालं तर माझं, अन् बिघडलं तर तुमचं... असं कसं? पुन्हा असं करू नका."

"न्हाई करणार." तो घुटमळला. "पुन्हा म्हंजे... पुन्हा केव्हा?"

कंडक्टर तिकिटं फाडत मागच्या बाकांकडे गेला.

"रविवारी येऊ का?" त्याने विचारलं.

"कशाला? काम तर झालं."

"कामाला न्हाई. तसंच."

"तसंच येणाऱ्याला आमच्यात चहा मिळत न्हाई."

"मंग... कशाला येणाऱ्याला मिळतो?"

प्रभावतीने एकदा आत, दादांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते. मग तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. पहिल्या रविवारी तो जमिनीकडे बघत हसला होता. आज तो जमिनीकडे बघत नव्हता.

"मागणी घालायला येणाऱ्याला मिळतो," ती म्हणाली. "पण ऐकून या. मी दाभण सोडणार न्हाई. वाडीवर आले तरी शिवीन. अन् मला कुणी मास्तरीणबाई म्हणलेलं चालणार न्हाई."

"काय म्हणायचं मंग?"

"ताडपत्रीवाली."

"बिलकुल," तो म्हणाला. घंटी झाली, बस हलली, तरी तो दाराबरोबर दहा पावलं चिखलातून चालत राहिला — काही बोलायचं राहिलं असल्यासारखा, किंवा सगळंच बोलून झाल्यासारखा.

प्रभावती येऊन दादांशेजारी बसली. तिचे गाल तापले होते, मान ताठ होती. खिडकीबाहेर भिजलेली काळी शिवारं मागे पळत होती. दादांनी डोळे उघडले नाहीत.

"प्रभे."

"काय दादा?"

"घरी गेल्यावर आईला सांग," ते म्हणाले. "रविवारी साखर जरा जादा लागंल."